वॉकरची उंची

नेरुळला आमच्या सोसायटीशेजारी एका पक्षाचे कार्यालय आहे. तिथे रुग्णांसाठी वॉकर, व्हीलचेअर फुकट वापरायला मिळतात. हे सामान सांभाळणारे गृहस्थ मूळचे इथल्या गावठाणातले. वस्तू देताना ते कोणालाच पक्ष विचारत नाहीत. मात्र ज्याला ते ‘आपला मानूस’ म्हणतात, त्याच्या घरी स्वतः येतात, वॉकरचे पाय रुग्णाच्या उंचीला लावतात आणि बाथरूमची फरशीही पाहून जातात. त्यांच्या राजकारणाच्या गप्पा मी मुकाट ऐकतो. माझ्या आईच्या वॉकरसाठी ते दोनदा आले होते.

परवा मी तिथे असताना आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. काकांचे खुब्याचे ऑपरेशन झाले होते. सोसायटीच्या ग्रुपवर काका या पक्षावर रोज तुटून पडतात. गृहस्थांनी काकूंना नवाकोरा वॉकर काढून दिला.

“उंच नाही ना होणार? हे जरा ठेंगणे आहेत,” काकू म्हणाल्या.

“चालतो सगल्यांना, काकी.”

“पडतील हो ते,” मी म्हणालो. “घरी जाऊन लावून द्या ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, वॉकर उचलला आणि काकूंच्या मागे गेले. परत आल्यावर हात पुसत म्हणाले, “ग्रुपवर लय उड्या मारतो म्हातारा. त्याच्यासाठी नाय गेलो. तुमी सांगितलं म्हनून गेलो. आपल्या मानसाचा शब्द हाय.”

माझे मत कोणाला जाते, हे त्यांनी मला कधीच विचारलेले नाही. त्या दिवशीही मी ते सांगितले नाही.