काजवाल्या काकूंचं मत

हाताने काजं करणारी बाजारात आता एकच बाई उरली होती, ती म्हणजे काजवाल्या काकू. शिंप्याने काजांचं मशीन आणलं होतं खरं, पण भारी कोट आला की तो गुपचूप काकूंच्याच खिडकीशी यायचा. कापड एकदा कापलं की काज परत मिटवता येत नाही, म्हणून काकू कात्री लावण्याआधी दोनदा मोजत. घाई असली की शिंपी वैतागे, काकू ढिम्म हलत नसत.

अशी ही काटेकोर बाई मत देताना मात्र दोनदा सोडा, एकदाही विचार करत नसे. मतदानाच्या दिवशी काका चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, "शिडीवर." काकू जात, शिडीच्या चित्रावर शिक्का मारत आणि येऊन कुकर लावत. चाळीस वर्षं हेच. सासूबाईंच्या वेळी यादीत बाईचं नावही नसे, अमक्याची बायको एवढंच. काकूंचं निदान नाव तरी छापलेलं होतं, त्यातच त्यांना मोठेपणा वाटे. शिडीच का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. काका मोठ्या दिरांच्या छापखान्यात खिळे जुळवायचे आणि शिडीवाल्यांची पत्रकं तिथेच छापली जायची. त्यात विचारायचं काय?

यंदा काचबिंदूने काकांची नजर पार गेली होती. तरी सकाळी कप ठेवून "शिडीवर" म्हणायला ते विसरले नाहीत. मतदान शाळेत होतं. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं की काकूंनी सोबत जावं आणि काका सांगतील तिथे शिक्का मारावा. त्याआधी एका कागदावर सही घेतली: यांचं मत मी कोणालाही सांगणार नाही. काकूंना हसूच आलं. त्यांचं स्वतःचं मत चाळीस वर्षं अख्ख्या घराला तोंडपाठ होतं, त्याच्यासाठी कुणी कधी कागद पुढे केला नव्हता.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे काकूंनी शिक्का शिडीवर नेलासुद्धा. तेवढ्यात काका कानाशी आले.

"किटलीवर मार."

म्हातारपणी घोटाळा होतोय, असं काकूंना वाटलं. आपली शिडी, त्यांनी हळूच आठवण करून दिली.

"शिडी तुझी," काका म्हणाले. "माझं पहिल्यापासून किटलीलाच असतं. दादाला आपल्या घरातून शिडीला मत हवं असायचं, ते तू देत होतीस ना? म्हणजे मला खोटं बोलावं लागायचं नाही."

भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या सहज त्यांनी हे सांगितलं. काकूंचं डोकंच चालेना. ह्यांनी भावाला दिलेला शब्द पाळला, तो बायकोच्या मताने, आणि स्वतःचं मत जपून ठेवलं. म्हणजे दर वेळी त्या एक मत टाकायच्या, ह्यांचं मत ते खोडून टाकायचं, आणि मग दोघं गप्पा मारत घरी यायची. हसावं की भांडावं? भांडावं तर कशावरून, विचारलं होतं कधी? संताप तर आला होता, पण तो ह्यांच्यावर की स्वतःवर, ते कळेना. पण हे मत ह्यांचं होतं, आणि सही केलेली होती. त्यांनी किटलीवर शिक्का मारला.

काकांना बाकावर बसवून त्या आपला कागद घेऊन पुन्हा आडोशामागे गेल्या. शिडीवर मारावं तर ते दिरांचं मत. किटलीवर मारावं तर ते ह्यांचं. कागदावर चित्रं नऊ होती. होडी, कुदळ, टोपली... बाकीच्यांकडे त्यांनी आजवर पाहिलंही नव्हतं. पिशवीतून चष्मा काढून त्या वरून एकेक नाव वाचू लागल्या. चौथं नाव एका बाईचं होतं. ही दर वेळी उभी राहते की यंदाच? काकूंना काहीच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर बाहेर बाकावर बसलेल्या ह्यांनाच. त्या शेवटपर्यंत गेल्या आणि परत पहिल्यापासून वाचू लागल्या.

"काकू, रांग खोळंबलीये," बाहेरून अधिकारी म्हणाला. "नेहमीसारखा शिक्का मारा आणि या. इतक्या वर्षांची सवय आहे तुम्हाला."

"जरा थांबा हो," काकू आतून म्हणाल्या. "मी पहिल्यांदाच आलेय."