बिनक्लचची गाडी

लढाईच्या काळात मी नगरच्या छावणीत लष्करी ट्रक चालवायला शिकलो. चढावर दोनदा क्लच दाबून, जराही आवाज न करता गिअर टाकायचा ही कला माझ्या हातापायांत मुरली होती आणि तिचा मला माज होता, हे कबूल करतो. लढाई संपली, तिथलं काम सुटलं आणि कोपरगावकडच्या एका ऊस बागायतदाराकडे मी ड्रायव्हर म्हणून लागलो. मालक गाड्यांचे शौकीन. त्यांच्याकडे एक बुटकी, टप उघडणारी विलायती गाडी होती, शर्यतीच्या घोड्यासारखी चपळ. मालक स्वतः बसले की तिचे गिअर असे करकरायचे, की मळ्यातले बैलसुद्धा माना वर करून बघायचे. म्हणून तर मी होतो.

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल. मालकांनी मुंबईहून लांबलचक लाल अमेरिकन गाडी घेतली. तिलाही टप होता, पळायलाही ती जोरकस होती, पण क्लच नव्हता. स्टिअरिंगला एक दांडी होती. ती एकदा ओढली की पुढचे गिअर गाडी आपले आपण बदलायची.

“ही तर गाढवालाबी चालवता येईल,” मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“मंग मीच चालवतो की,” मालक म्हणाले. “जुनी इकून टाकू. दिवाळीपत्तुर तू शेजारी बस, मंग दुसरीकडं काम बघ.”

मळ्यावरची खोली त्या नोकरीबरोबरच मिळाली होती. बायको, दोन लेकरं, आणि बायकोला तिसऱ्याचे दिवस गेलेले. मला त्या लाल गाडीचा मनापासून राग आला.

गाडी ताब्यात घेताना मुंबईच्या मिस्त्रीने मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. दांडी मधल्या खुणेवर, न्यूट्रलला असेल तरच स्टार्टरचं बटण चालतं, ही पहिली. दुसरी अशी, की उतारावर इंजिन बंद करायचं नाही. नुसती दांडी ओढून ते परत चालू होणार नाही आणि बंद इंजिन गाडीला धरूनही ठेवणार नाही. पहिली गोष्ट मी मालकांना सांगितली. दुसरी पोटात ठेवली.

कारण मला मालकांची खोड माहीत होती. लढाईत पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं तेव्हापासून आमच्याकडचे सगळेच उतार लागला की इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत न्यायचे. पायथ्याशी गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन आपसूक धरायचं. मालक हे मोठ्या अभिमानाने करायचे. मला वाटलं, मळ्याजवळच्या उतारावर नव्या गाडीचा एकदा चांगला खोळंबा होऊ दे, मालकांचं मन तिच्यावरून उडेल आणि मी राहीन. घाटाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

पुण्याहून परतताना दुपारी चंदनापुरीचा घाट लागला. मालक चालवत होते, मी शेजारी, मागे त्यांची सात वर्षांची मुलगी. माथ्यावर मालकांनी दांडी न्यूट्रलला नेली आणि किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. नुसता वारा ऐकू यायला लागला.

तेव्हा बोलायला हवं होतं. पण बोललो असतो, तर आजवर का नाही सांगितलं, हे विचारलं गेलं असतं. मी पहिलं वळण गप्प बसून काढलं. दुसरंही.

तिसऱ्या वळणावर ब्रेक जळाल्याचा वास आला. मालकांनी पॅडल पुन्हा दाबलं, ते नुसतंच खाली गेलं. त्यांनी किल्ली फिरवली, दांडी ओढली, आणि त्यांचा डावा पाय नसलेला क्लच शोधत फळीवर आपटत राहिला. बटण दाबलं, काही नाही. खालून ओझ्याने भरलेली बैलगाडी चढत होती.

“आनखी जोरात, बाबा!” मागून मुलगी हसत ओरडली.

मी मालकांचा हात झटकला. दांडी न्यूट्रलला, बटण. इंजिन खोकलं आणि लागलं. दांडी सगळ्यात खालच्या गिअरला ओढली, हँडब्रेक दोन्ही हातांनी वर घेतला. गाडी गुरगुरली, डोंगराच्या कडेला घासत गेली आणि बैलांच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली. मुलगी आता रडत होती.

घरी मालकांनी ती हकीकत दहा जणांना सांगितली. “तो शेजारी नसता तर आमी दोघंबी गेल्तो,” ते म्हणायचे. दिवाळीची गोष्ट त्यांनी पुन्हा काढलीच नाही. मी राहिलो, पुढे कितीतरी वर्षं राहिलो.

घाटातून परतलो त्याच संध्याकाळी बाईसाहेबांनी मुलीला ओसरीवर माझ्यासमोर आणलं. “काकांच्या पाया पड,” त्या म्हणाल्या. मुलगी वाकली आणि मी झटकन पाय मागे घेतले. मी ख्रिस्ती, म्हणून मला संकोच वाटला असेल, असं बाईसाहेबांना वाटलं. मी त्यांना तसंच वाटू दिलं.