बास्केटखालची एक जागा

आमचा कोच मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आजही आवडत नाही.

अमरावतीत नव्या व्यावसायिक संघाची निवड चालली होती. बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू, म्हणजे सेंटर, त्यांना एकच घ्यायचा होता. उरलो होतो दोघं. मी हिवरखेडचा, शेतकऱ्याचा पोरगा. दुसरा अकोल्याचा, त्याच्या अब्बांचं कापडाचं दुकान. दोघांनाही दारातून वाकूनच यावं लागायचं.

कोच बाहेरगावचा. आम्हाला समोर उभं करून तो सहायकाशी आमच्याबद्दल बोलायचा, जणू आम्हाला कानच नव्हते.

"हा उडतो चांगला, बोर्डवर आपटून आलेला बॉल सोडत नाही. पण डोकं तापट, फाउल फार करतो." मग माझ्याकडे बोट. "याचे हात चांगले, पास कुणाला द्यायचा ते बरोबर दिसतं. पण पाय जड. अजून अंग भरायचंय."

मग आम्हाला एकमेकांवर सोडायचा. अकोलेवाल्याचं कोपर माझ्या बरगडीत, माझा खांदा त्याच्या छातीत. एकदा माझा ओठ फुटला.

"लागलं काय?" त्यानं विचारलं.

"तुले काय करायचं?" मी म्हणालो.

झोपायचो एकाच खोलीत, पण बोलायचो नाही.

एका सकाळी तो गुडघ्याला पट्टी आवळताना दिसला. गुडघा सुजून टम्म झाला होता. मला पाहताच त्यानं पँट खाली ओढली.

"कोनाले सांगशील तर पाहून घेईन."

मी सरळ कोचकडे गेलो आणि सांगितलं. जागा मला हवी होती, आणि हा मोडून पडेल असंही वाटत होतं. दोन्ही खरं.

कोच चहा पीत होता. "माहीत आहे मला. डॉक्टर बोलले. एक मोसम निघाला तरी आपलं काम होतं. तुला तयार करायलाच दोन जातील."

माझं डोकं सणकलं. खोलीवर येऊन मी त्याला शब्दन् शब्द सांगितला.

"जळून राहिला तू माह्यावर," तो म्हणाला आणि पाठ फिरवून झोपला.

निवड त्याचीच झाली. अर्ध्या मोसमात एका उडीनंतर तो खाली आला तो उठलाच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग कोचचा मला फोन: "ये, जागा आहे."

आधी मी अकोल्याला गेलो. दुकानात तो पाय स्टुलावर ठेवून बसला होता.

"पाहाले आला काय? पाहून घे."

"मले बोलावलं त्याईनं. सांगाले आलो."

"मंग जाय ना. मले काहून सांगतं?" तो गुडघ्याकडे बघत म्हणाला, "तू खरं बोलून राहिला हे मले तवाच समजलं होतं. तरी करारावर सही केली. आता जाय."

त्याचे अब्बा चहा सांगत होते. मी थांबलो नाही.

अमरावतीत पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मी कोचला म्हणालो, "दुखलं की मी थांबीन, सर."

"मग बाकावर बस."

मी बसलो. संघ बास्केटखाली मार खाऊ लागला, तेव्हा त्यानं नाइलाजानं मला उतरवलं. आजही मी तिथंच खेळतो. दुखलं की हात वर करून बाहेर येतो, कोच तोंड फिरवतो. गरजेपलीकडे आम्ही बोलत नाही.

अकोल्याचा तो आता नीट चालतो, दुकान बघतो. माझा फोन मात्र उचलत नाही.