नागाप्पाची सात नगरं

नागाप्पा पाटकऱ्याकडं सात नगरं होती आणि एक सायकल. सायकलला ब्रेक नव्हता. नगरांचं मात्र सगळं जिथल्या तिथं असायचं.

कोडोलीजवळच्या आमच्या पाणीपुरवठा संस्थेत मी १९९४ पासून सेक्रेटरी. नदीवरची मोटर पाणी वर चढवायची आणि पुढं ते सात चेंबरमधून शेतांत जायचं. चेंबरचे व्हॉल्व फिरवून ज्याला त्याला पाळीनं पाणी सोडायचं, हे नागाप्पाचं काम. मूळचा गडहिंग्लजकडचा, बसम्माशी लग्न करून सासुरवाडीच्या गावात राहिलेला. शाळा सातवीपर्यंत. पण शाळेच्या पुस्तकात त्यानं दोन नद्यांमधल्या फार जुन्या शहरांचा धडा वाचला होता, पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणाऱ्या देवळाचं चित्र बघितलं होतं. धडा होता दोनच पानांचा. तेवढ्यावर नागाप्पाचं भागलं नाही.

पाणी एकदा शेतात शिरलं की पाटकऱ्याला तास-दीड तास बांधावर बसण्यावाचून काम नसतं. बाकीचे पाटकरी तंबाखू मळतात. नागाप्पानं दोनशे पानी वही काढली आणि उरलेला धडा स्वतःच लिहायला घेतला. एरूम, निंबार, शल्लाप अशी एकाच पाटावर ओळीनं वसलेली सात नगरं. प्रत्येकाला आपला राजा, आपला देव, मातीच्या विटांची आपली भिंत. लिहायचं तर ओल्या मातीच्या पाटीवर. पाटी भट्टीत भाजली की तिच्यावरचं फुटेपर्यंत खरं. पोस्ट नाही, पोलीस नाही, पण पाण्यावरून भांडणं रोज. इतकी कल्पनाशक्ती असलेल्या माणसाला तेवढं एक नवीन सुचलं नव्हतं.

"घरात चुलीला शेणी न्हाईत आन ह्यो तिकडं देवळं बांधतोय," बसम्मा म्हणायची. वहीला मात्र तिनंच प्लास्टिकचं कव्हर शिवलं होतं.

नगरं सात आणि चेंबरही सात, त्यामुळं आमच्या लोकांना मोजायला वेळ लागला नाही. पाळीची वाट बघत बसलेला माणूस नागाप्पाची वही ओढायचा, आपल्या नंबरचं नगर शोधायचा आणि मग तक्रार करायचा. तिसऱ्या चेंबरवरचे बाबालाल एकदा वही नाचवतच आले.

"आमच्या शल्लापची भिंत पाडलीस व्हय रं? आमी काय मेलोय काय?"

"पाळीनं पाडतोय, बाबालालभाई. ह्या महिन्यात तुमची, फुडल्या महिन्यात निंबारची."

बाबालालनी दुसऱ्या चेंबरकडं एक नजर टाकली आणि समाधानानं घरी गेले. पाचव्या चेंबरवरच्या झुंबरबाईंना आपल्या नगरात बाप्या देव चालेना. त्यांना देवी पाहिजे होती. नागाप्पानं देवी घातली. मग चौथ्याला आपलं देऊळ सगळ्यांत उंच पाहिजे झालं, त्यावर सहावा उखडला. शेवटी नागाप्पानं सगळ्या देवळांना नऊ-नऊ पायऱ्या ठरवून दिल्या आणि वर म्हणाला, आता कुणी पायरीसाठी माझ्या घरी यायचं न्हाय. मी सेक्रेटरी, शिकलेला माणूस. ऑफिसात बसून हे ऐकायचो आणि पोट धरून हसायचो.

२००३ च्या उन्हाळ्यात नदी तळाला गेली आणि उपसाबंदी आली. चार दिवस मोटर चालू, चार दिवस बंद. दहा दिवसांची पाळी बावीस दिवसांवर गेली. सगळ्यांत शेवटी, सातव्या चेंबरवर, म्हाताऱ्या बनाबाईचा तीस गुंठे ऊस होता. पाणी तिच्यापर्यंत यायचं ते चिखल म्हणून.

आमचे चेअरमन आकाराम आण्णा पहिल्या चेंबरवर. वाईट माणूस नव्हे. लग्नाकार्यात पहिली पंगत वाढायला तेच उभे असायचे. पण ऊस वाळायला लागला की माणसाचं काही खरं नसतं. त्यांनी ठरवलं, पहिल्या चेंबरला दोनदा पाणी, मग बाकीच्यांना. तसा लेखी हुकूम निघाला. नागाप्पानं तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि पाणी पाळीनंच सोडलं. झालं, त्याला कामावरून काढायचा विषय जनरल मिटिंगला आला.

काढायला कारण पाहिजे. हलगर्जीपणा म्हणावं तर नऊ वर्षांत त्याची एक पाळी चुकली नव्हती. तेवढ्यात चेअरमनच्या कानावर गेलं, की वहीत पहिल्या नगराच्या राजाला थोबाडीत मारलंय. ते खरंच होतं. सातही नगरांत रीतच होती तशी: नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी राजानं मुकुट काढून देवापुढं उभं राहायचं आणि पाटावरच्या माणसानं त्याच्या कानाखाली वाजवायची. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्या साली शेवटच्या नगरापर्यंत पाणी पोचणार. चेअरमन म्हणाले, ही माझी बदनामी. बदनामी केली म्हणून काढून टाकायचा ठराव तयार झाला.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात शंभरेक सभासद जमले. पुरावा म्हणून ते पान मी वाचायचं होतं. थोबाडीत बसली तिथं देऊळ हसून दणाणलं.

"बगा!" चेअरमन उठले. "सरळ सरळ माझ्यावर लिवलंय!"

"पर चेअरमन," बाबालाल शांतपणे म्हणाले, "हितं तर एरूमचा राजा म्हटलंय. त्यो तुमीच, ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

हसू थांबेना. "फुडं वाचा, सेक्रेटरी," झुंबरबाई ओरडल्या, "राजा रडला का न्हाय त्ये तरी कळूदे." पुढचं मी आधी वाचलं नव्हतं. पान उलटलं आणि वाचत सुटलो.

'राजाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. मग राजाने लेखनिकाला बोलावले व सांगितले, पाटीवर लिही की राजा रडला. लेखनिक चांगला माणूस होता. शेवटच्या नगरातली म्हातारी त्याच्या ओळखीची होती. तिचे वाळलेले रान त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने लिहिले, राजा रडला. त्याचे अक्षर फार सुंदर होते. मग पाटी भाजली.'

देवळात कुणी हसलं नाही. बहुतेकांना कळलंही नसेल. चेअरमनचा लेखी हुकूम माझ्या अक्षरात होता, काढून टाकायचा ठरावही माझ्याच अक्षरात, आणि आदल्या आठवड्यात मी बनाबाईच्या बांधावर उभा राहून तिचा पिवळा पडलेला ऊस बघून आलो होतो. मला लाज वाटली. नागाप्पा मागं खांबाला टेकून चपलेचा अंगठा नीट करत बसला होता.

"हा ठराव मी मांडत नाही," मी म्हणालो. "पहिल्या चेंबरला दोनदा पाणी द्यायचा हुकूमपण मी लिहायला नको होता."

"सेक्रेटरी, खाली बसा," चेअरमन म्हणाले.

मी बसलो नाही. मग पाणी पाळीनंच सोडायचं म्हणून हात वर झाले आणि नागाप्पा कामावर राहिला. चेअरमन पायताण घालून तरातरा निघून गेले. चार दिवसांनी आपली पाळी कधी ते विचारायला सगळ्यांआधी हजर होते.

त्या पाळीला मी मुद्दाम सातव्या चेंबरवर गेलो. बनाबाईच्या सरीतनं पाणी पुढं सरकत होतं आणि ती फावडं घेऊन त्याच्या मागं पळत होती. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर मला नागाप्पाचा राग आला.

"शंभर माणसांत माझी लाज काढलीस," मी म्हणालो. "सरळ मला येऊन सांगायचं होतंस की."

"सांगिटलं हुतं की, सायेब. दोनदा आलतो हापिसात. तुमी म्हणला, चेअरमनला बोल."

तो उठून व्हॉल्व बघायला गेला. मी पुष्कळ आठवून बघितलं. तो आल्याचं मला आठवतच नव्हतं.