ट्वेनेबोआंच्या खुर्च्यांची पंचवार्षिक योजना

घानातल्या आमच्या मामपाँगमध्ये माणूस गेला की दोन ठिकाणी निरोप जाई: एक शवागारात आणि दुसरा यॉ ट्वेनेबोआ यांच्याकडे. शिक्षण खात्यातली कारकुनी सुटल्यावर त्यांनी मंडप आणि प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने देण्याचा व्यवसाय पत्करला होता, आणि तेव्हापासून दर शनिवारी, म्हणजे अंत्यविधीच्या वारी, गावाने त्यांच्याच खुर्च्यांवर बसून शोक केला होता. जाहिरात नाही, पाटी नाही. गिऱ्हाईक आपोआप येई, कारण ते कधी ना कधी येणारच होते.

इतके सुरळीत चाललेले व्यापारी संघाला पाहवले नाही. सभासदांनी यापुढे नियोजनपूर्वक धंदा करावा असा ठराव झाला आणि सभासदांचा वर्ग घ्यायला राजधानी अक्राहून सेलोर्म अग्बेनू नावाच्या तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी आयुष्यात शेंगदाण्याची पुडीही विकलेली नव्हती. त्यामुळे त्यांच्या ज्ञानाला अनुभवाचा डाग लागलेला नव्हता.

"तुमचं गिऱ्हाईक कोण, मिस्टर ट्वेनेबोआ?"

"मेलेल्यांचे नातेवाईक, मॅडम."

"ते नंतर. आधी कोण असतात ते?"

"आधी... जिवंतांचे नातेवाईक."

वर्ग खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. "तिथेच तुम्ही मागे पडता! मागणी दारात येईपर्यंत वाट बघणं म्हणजे नियोजन नव्हे. पाच वर्षांत कुठल्या घरातून किती मागणी येईल, हे आज सांगता आलं पाहिजे. लोकांत मिसळा. विचारा."

बाकीच्या सभासदांनी घरी बसून आकडे ठोकून दिले आणि ते निवांत झोपले. ट्वेनेबोआ मिशनच्या शाळेत शिकलेले; दिलेला अभ्यास प्रामाणिकपणे करण्याची खोड त्यांना तिथे लागली होती आणि ती कोणत्याही औषधाने गेली नव्हती. ते दारोदार फिरू लागले. प्रकृती विचारणे ही आमच्याकडची साधी रीत, म्हणून प्रथम कुणाला शंका आली नाही. परंतु इतर लोक उत्तर ऐकण्यासाठी थांबत नाहीत, ट्वेनेबोआ थांबत.

"अहो, लोक मला विचारतायत, तुमचे हे डॉक्टर कधी झाले म्हणून," पत्नी आफ्राकोमा म्हणाली.

"बाजारपेठेचा अभ्यास चाललाय माझा."

"मग काय म्हणते बाजारपेठ? खोकते का?"

या अभ्यासाचे शिखर म्हणजे नाना अडु-ग्याम्फी, गावातल्या सर्वांत मोठ्या कुळाचे प्रमुख. त्या एका घराण्याच्या कामांवर ट्वेनेबोआंचा निम्मा धंदा उभा होता, आणि स्वतः नाना गेले की तीन प्रांतांतून माणसे लोटणार होती. नाना ओसरीवर ताडी घेत बसले होते.

"ये, यॉ, बस."

"नाना, तब्येत कशी?"

"देवाची कृपा."

"छातीत कळ येते का कधी?"

"नाही रे."

"आणि जिना चढताना?"

"वर माझं कोण बसलंय म्हणून चढू?" म्हाताऱ्याने वाटी खाली ठेवली. "तू खुर्च्यांचा माणूस. माझ्या छातीशी तुझं काय काम?"

इथे कोणताही सुज्ञ मनुष्य खोटे बोलला असता.

"योजना करतोय, नाना. पाच वर्षांची."

"आणि मी तिच्यात कुठे बसतो?"

"दुसऱ्या वर्षात. पावसाळा संपल्यावर."

ओसरीवरचे भाचे-पुतणे जमिनीकडे पाहू लागले.

"पावसाळा संपल्यावर," नाना सावकाश म्हणाले. "म्हणजे चिखल नसेल. चांगलं आहे. आता माझी योजना ऐक. मी गेलो की तुझी एकही खुर्ची या अंगणात येणार नाही. माझ्या कुळातलं कुणीही गेलं तरी नाही. ऊठ."

संध्याकाळपर्यंत गावभर झाले. ट्वेनेबोआ समोरून येताना दिसले की माणसे खोकला गिळत आणि न विचारताच "ठणठणीत आहे हो!" असे ओरडून रस्ता बदलत. कामे नव्यानेच या धंद्यात उतरलेल्या ओपोकूकडे गेली. त्याने परदेशातल्या मेव्हण्याच्या पैशांवर खुर्च्या घेतल्या होत्या आणि उद्याचा विचार करण्याचे पाप त्याने कधीच केले नव्हते. अग्बेनूबाईंनी ट्वेनेबोआंची योजना जिल्ह्यात सर्वोत्कृष्ट ठरवली आणि प्रशस्तिपत्र पाठवले. त्यात स्तुती होती, गिऱ्हाईक नव्हते.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, नाना गेले.

माणसेही अंदाजाइतकीच लोटली. ओपोकूच्या खुर्च्या सकाळीच संपल्या. कुळातली वडीलधारी मंडळी कोपऱ्यात कुजबुजली.

"ट्वेनेबोआकडे ढीग पडलाय खुर्च्यांचा. आणा की."

"नानांचा शब्द आहे," त्यांची विधवा म्हणाली. विषय तिथेच संपला.

शोकाची काळी-तांबडी वस्त्रे ल्यालेला समुदाय उन्हात तिष्ठत राहिला. ट्वेनेबोआही काळे वस्त्र खांद्यावर घेऊन आले, रीतीप्रमाणे घरच्यांच्या रांगेतल्या सर्वांशी हस्तांदोलन करून मागे जाऊन उभे राहिले. शेजारची परगावची बाई पदराने वारा घेत त्यांच्याकडे वळली.

"काय मेले हे मंडपवाले, नाही का हो? आधी जरा विचार म्हणून करत नाहीत."

 ट्वेनेबोआंनी अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतला.