टाकीचं झाकण आणि विश्वाचा काठ

“सर ने बजाया! बाल्टी लगा, जल्दी!”

खालून वाधवाणी आंटींचा आवाज आला तेव्हा मी गच्चीवर म्हात्रे सरांशेजारी उभी होते. सरांनी नुकतंच टाकीच्या पत्र्याच्या झाकणावर लाटणं आपटलं होतं आणि डोळे मिटून ते घुमणारा आवाज ऐकत होते.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये पाण्याचा भरवसा नाही. सर एकदा सकाळी झाकण वाजवत असताना नेमकं पाणी आलं, आणि तेव्हापासून सगळ्या बिल्डिंगने तो इशारा मानला. सरांनी खरं सांगून पाहिलं. “अहो, मी क्वांटम गुरुत्वाकर्षणावर काम करतोय.”

“करा ना सर,” सेक्रेटरी पाटीलकाका म्हणाले, “पण आज प्रेशर बरं आहे ना?”

सर फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. मी त्यांच्याकडे शिकायला जायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. चारचौघांत मराठी बोलताना चुकेन म्हणून मी गप्पच असायचे. सरांना ते चालायचं. ते झाकणाच्या कडा विटांनी दाबून वाजवत, मग तेच झाकण दोरीला टांगून वाजवत. “झाकण तेच, सूर वेगळे. नुसत्या सुरांवरून आकार ओळखायचा, तर काठ दाबलाय की मोकळा, ते आधी ठरवायला हवं. विश्वाचंही तसंच. काठावर काय होतं ते ठरेना, म्हणून माझं गणित अडलंय.”

“आधी काठ सांगा,” हे ते कशालाही म्हणत. पाटीलकाकांनी मुलीला आलेलं स्थळ सांगितलं तेव्हाही.

“मुलगा बदलापूरचा आहे, सर.”

“पूर्वेचा की पश्चिमेचा?”

“पश्चिमेचा. अगदी जांभूळ गावाच्या बाजूचा, पुढे नुसती शेतं.”

“मग मोकळा. द्या.”

लग्न झालं. छान चाललंय.

यंदा सर गेले. शोकसभा खाली पार्किंगमध्ये भरली. पाटीलकाकांनी सुचवलं, गच्चीच्या दारावर सरांच्या नावाची पाटी लावू, खाली ‘जलमित्र’. सगळ्यांनी माना हलवल्या. आंटी डोळे पुसत म्हणाल्या, “अब पानी का कौन बताएगा?”

त्या पाटीमुळे सरांचं उभं आयुष्य पाणी आल्याचं सांगण्यापुरतंच उरणार होतं. मी मागच्या खुर्चीतून उठले.

“सर पाणी बघत नव्हते. विश्वाचा काठ कसा आहे, ते ऐकत होते.”

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. पाटीलकाका गंभीरपणे म्हणाले, “बरं. मग कळलं का?”

“अजून नाही. उद्यापासून मी वाजवणार आहे,” मी म्हणाले. “प्लीज, बादल्या लावू नका.”