अक्काचं रान, माझा बेलभंडार

हे आजवर तोंडातनं काढलं न्हाई. बायकोला ठाऊक न्हाई, पोरांना तर न्हाईच. तुमी परके, म्हणून जमतंय — वळखीच्या माणसापुढं जीभ उचलत न्हाई.

आमच्या वडवणीकडच्या गावात कुणालाबी विचारा, बबन कसा माणूस हाय? शब्दाचा पक्का, म्हणतील. ऐकलं की वाटतं, आपल्याच थोबाडीत हाणावी.

अण्णांनी, म्हंजी आमच्या वडलांनी, मरायच्या आधी मृत्युपत्र केलं. विहिरीकडचं तीन एकर अक्काला, बाकी सगळं मला. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला न्हाऊ-खाऊ घातलं. ती तवा ऊसतोडीला गेलती; तिचा नवरा, दाजी, तेवढे अण्णांना बघायला आलते. अण्णांनी अंगठा लावला. साक्षीला शेजारच्या मामांनी आन् मी सह्या केल्या. आत नुसता जाळ — विहीर गेली तर मला राहतं काय? माळच की!

अण्णा गेले, मागोमाग मामाबी गेले. दाजींनी कागद काढला तसा मी सरळ म्हणालो — खोटा हाय, सही माझी न्हाई. कागद न्हाई म्हणल्यावर रान भावाचंच, लेकीचा वाटा आमच्याकडं कोण मागतंय? कोर्टात तारखांवर तारखा. शेवटी भावकी म्हणाली, देवळात बेलभंडार उचला. आमच्याकडं बेलाचं पान आन् भंडारा हातात घेऊन देवापुढं बोललं की वाद मिटला. त्याच्यापुढं कोर्टबी न्हाई.

अक्का म्हणाली, “बबनला उचलू द्या. तो म्हणंल ते मला कबूल.”

तवा तरी खरं बोलायचं का न्हाई? मी उचलला. देवाकडं बघून बोललो — अण्णांनी असा कागद केलाच न्हाई.

“तुझ्या हातानं सही केलीस की बे!” दाजी वरडले आन् त्यांनी माझी गचांडी धरली. मला तेवढंच पाहिजे होतं. लई बरं वाटलं, आता कशाला लपवू? देवळापुढच्या बैलगाडीची उभारी, कडेचा उभा दांडका, उपसली आन् त्यांच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडलेलं ऐकू आलं. तरी परत घातली. मग भावकीतली पोरं तुटून पडली, देवाच्या दारात खोटं बोलतो म्हणून लाथांनी तुडवलं त्यांना. तोंडातनं रक्ताची धार, दात मातीत. मी थांबवलं का? मी वरनं शिव्या घालत होतो.

आन् अक्का? मला वाटलं, माझ्या तोंडावर थुंकंल. ती नवऱ्यापाशी बसली, पदरानं त्यांचं रक्त पुसलं आन् रडत म्हणाली, “कावून केला हो तुमी असला कागद? माझा बबन देवापुढं खोटं न्हाई बोलायचा.”

दाजी तिच्याकडं बघतच राहिले. त्यावर एक शब्द बोलले न्हाईत. पोलिसांपुढंबी न्हाई.

पाय वाकडाच जुळला. त्यांना आता ऊस तोडणं जमत न्हाई. अक्का एकटीच टोळीबरोबर जाते. विहिरीकडच्या रानात माझा ऊस उभा हाय.

भाऊबीजेला ती येते. मला ओवाळते, आन् दरसाल नवऱ्याच्या वतीनं माझी माफी मागते.

मी ताटात ओवाळणी टाकतो. म्हणतो, जाऊ दे अक्का, केलं माफ.